हरण्याची शेवटची बारी

पहाटे साडेचार

पौषातली थंडी मीना नदीच्या काठाला जरा जास्तच बोचते. एरवी घरात सगळ्यांत आधी मी उठते, पण आज यांचं अंथरूण आधीच रिकामं होतं आणि गोठ्यात दिवा लागलेला होता. आमच्याकडे अंधारात गोठ्याकडे जायचं तर हातात बॅटरी हवी आणि तोंडाने आवाज हवा. दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या नाही असं शिवार उरलेलं नाही. शेजारच्या वस्तीवरचं वासरू गेलं त्या साली आम्ही गोठ्याला चारी बाजूंनी लोखंडी जाळी मारून घेतली.

हरण्या बसलेला होता. मला पाहून उठायला लागला. बैल उठताना आधी मागचा भाग उचलतो, मग पुढच्या गुडघ्यांवर क्षणभर थांबतो आणि मग पुढचे पाय टेकतो. त्या गुडघ्यांवरच्या थांबण्याकडे गेल्या पावसाळ्यापासून माझं लक्ष आहे. पूर्वी ते दिसायचंसुद्धा नाही, एका झटक्यात उभा राहायचा. आता गुडघ्यांवर एक श्वास घेतो, उजवा पाय आधी टेकतो, मग डावा. हे मी यांना दिवाळीत सांगितलं होतं. हे म्हणाले, “थंडी आहे, अंग आखडतं.” मी म्हटलं, “अहो, पावसाळ्यातही असाच उठत होता.” त्यानंतर आमचं ठरलं : थापलिंगच्या खंडोबाला बैलगाडा शर्यतीची एक बारी द्यायची, नंबर येवो न येवो, त्यानंतर हरण्या शर्यतीच्या घाटात उतरणार नाही.

शर्यतीच्या दिवशी बैलाचं पोट जड ठेवत नाहीत. शाळूचा थोडा कडबा, गुळाचा एक कणकेचा गोळा, कोमट पाणी, बस्स. रोजचा खुराक वेगळा. रात्री भिजवलेला हुलगा, मक्याचा भरडा, सरकी पेंड, वर दूध आणि थंडीत अंडी. आमच्या पोरांना रोज अंडं मिळालं नसेल, पण हरण्याला मिळालं.

सकाळी सहा

कोमट पाण्याने अंग पुसून घेतलं, खुरांच्या फटी साफ केल्या, शिंगांना तेल लावलं. मी औक्षण केलं. माझ्या सासूबाईंनी त्याच्या कपाळावर भंडारा लावला आणि कानाशी काहीतरी पुटपुटल्या. काय ते विचारायचं नसतं.

हरण्या अस्सल खिलार. खरसुंडीच्या यात्रेतून आणला तेव्हा अदत होता, एकही दात पडलेला नव्हता. तेव्हा शर्यती बंद होत्या. केंद्र सरकारने २०११ साली बैलाचा समावेश प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत केला आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना बंदी घातली. अशा काळात पळणाऱ्या जातीचा खोंड विकत घेतो म्हणून गावाने यांना वेड्यात काढलं. हे म्हणायचे, “बंदी उठेल, पण तोपर्यंत जातिवंत बैल राहिला पाहिजे ना.” ज्यांना थांबणं परवडलं नाही त्यांनी बैल विकले. ज्यांनी ठेवले त्यांनी नांगराला जुंपले. हरण्याने दोन दाती ते जुळलेला हा सगळा काळ कुळवापुढे काढला. बैलाची पळायची ऐन वर्षं तीच. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली तेव्हा तो सात वर्षांचा झाला होता.

म्हणून त्याची कारकीर्द चारच हंगामांची. त्यातलाही २०२२ चा पावसाळा लम्पीने खाल्ला. बाजार बंद, शर्यती बंद, गावोगाव गाठी आलेली जनावरं. आम्ही गोठ्यात कडुनिंबाचा धूर करून आणि लस टोचून देवाचं नाव घेत बसलो.

सकाळी साडेसात

पिकअपमध्ये उसाच्या पाचटाचा जाड थर टाकला, म्हणजे पाय घसरत नाही आणि वळणावर गुडघ्याला मार लागत नाही. हरण्या आणि त्याचा जोडीदार आमचे, बाकीचे दोन पाहुण्यांचे. आमच्या भागात गाडा चार बैलांचा असतो. एकट्या घराला चार तोडीचे बैल सांभाळणं जड जातं, म्हणून सोयरे-पाहुणे मिळून गाडा जोडतात. त्यामुळे एक बैल थांबवायचा म्हटलं तरी चार घरांशी बोलावं लागतं.

बायका घाटात सहसा जात नाहीत. गोठ्यातलं शेण, खुराक, पाणी, आजारपण आमच्याकडे आणि घाटातला गुलाल पुरुषांकडे, अशी आमच्याकडची वाटणी. आज मी जायचं ठरवलं होतं. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, तिथं गर्दी लई असती.” मी म्हटलं, “भाऊजी, त्याला रोज उठताना मी पाहते. आज पळतानाही मलाच पाहू द्या.” पुढे कोणी काही बोललं नाही. पुणे-नाशिक महामार्ग ओलांडून आम्ही थापलिंगकडे, नागापूरच्या दिशेला लागलो.

सकाळी साडेनऊ

थापलिंगचा डोंगर भंडाऱ्याने पिवळा झालेला. पौष पौर्णिमेला इथे आंबेगाव, जुन्नर, खेड, शिरूर, पारनेरकडचा भाविक येतो, आणि त्याच्या मागोमाग गाडामालक येतात. आम्ही आधी देवाला गेलो, मग घाटाकडे.

आता घाटात शिरण्याआधी कागद लागतात. महाराष्ट्राने २०१७ साली प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, त्यावर नियम केले, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, कानातला बिल्ला, सगळं तपासूनच बैल आत जातो. चाबूक, काठी, विजेचा धक्का, सगळ्याला मनाई आहे. पूर्वी काही जण आर टोचायचे, शेपटी पिरगाळायचे, ही खरी गोष्ट आहे आणि ती आमच्या माणसांनीच केलेली आहे. बंदीची ती वर्षं आम्हाला फार कडू गेली, पण त्यातून हा नियम आला हे मी मनापासून मानते. चांगल्या बैलाला टोचावं लागत नाही. ज्याला टोचावं लागतं त्याची पळायची वेळ संपलेली असते किंवा आलेलीच नसते.

डॉक्टरांनी हरण्याचं तापमान घेतलं, डोळे पाहिले, चारही पायांवरून हात फिरवला. डाव्या गुडघ्याशी त्यांचा हात थांबला. “वय?” “अकरावं चालू आहे.” “आज पळेल. पण मालक, आता किती दिवस?” हे माझ्याकडे पाहून म्हणाले, “आजचाच.” डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली.

दुपारी बारा

चिठ्ठीत आमचा नंबर उशिराचा निघाला. झाडाखाली बैल बांधले, अंगावर झूल टाकली. वाट पाहणं हा घाटातला सगळ्यांत मोठा वेळ. एक बारी बारा-तेरा सेकंदांची, त्यासाठी अख्खा दिवस, आणि त्या दिवसासाठी अख्खं वर्ष.

माझा पुतण्या अभियांत्रिकीला आहे. तो मोबाइलवर अमेरिकेतला फुटबॉल पाहतो, अंगावर अंग आदळतं तो. त्याने बॅरी सँडर्स नावाच्या खेळाडूची गोष्ट सांगितली. डेट्रॉइट लायन्स संघाकडून हा माणूस दहा हंगाम खेळला. चेंडू घेऊन पळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वॉल्टर पेटन या जुन्या खेळाडूचा पळण्यातला सगळ्यांत मोठा विक्रम त्याच्यापासून एका चांगल्या हंगामाच्या अंतरावर होता. सगळ्यांना वाटत होतं आता तो मोडणार. आणि १९९९ च्या जुलैत त्याने आपल्या विचिटा गावच्या वर्तमानपत्राला एक फॅक्स पाठवला आणि थांबला. वय ३१. पाय शाबूत, नाव शाबूत.

“त्या खेळात बहुतेकांचं करिअर तीन-चार वर्षांतच संपतं, काकी,” पुतण्या म्हणाला. “कुणी दुखापतीने जातं, कुणाला संघ काढून टाकतो. स्वतः ठरवून थांबणारे थोडेच.”

ते ऐकून मी हरण्याकडे पाहिलं. तो रवंथ करत होता. त्या सँडर्सला आता थांबायचंय हे कळलं आणि त्याने ते लिहून पाठवलं. हरण्याला फॅक्स करता येत नाही. भिर्रर्रची आरोळी ऐकली की तो कान टवकारतो, माती उकरतो, दुखऱ्या पायानेही पळायला निघतो. त्याला थांबायचं नसतंच. म्हणून त्याच्या शरीराचं ऐकणारं कुणीतरी घरात लागतं. गाडामालकाची खरी परीक्षा बैल निवडताना किंवा पळवताना होत नसावी. बैल अजून पळू शकतो असं सगळं गाव म्हणत असताना त्याला थांबवताना ती होते.

दुपारी दोन

पुकारा झाला. घाटाच्या पायथ्याशी पोरांनी चारही बैल आणले. पुढच्या जोडीला जुकाटाला पाहुण्यांचे बैल, मागे धुरेला हरण्या आणि त्याचा जोडीदार. सापत्या आवळल्या. गाड्यावर गाडीवान नसतो आमच्याकडे. पुढे घोडीवाला, मागे चार बैल, आणि वर चढत गेलेला घाट. जुपणी हेच मोठं कसब असतं. चारही तोंडं एका रेषेत हवीत, एकाचाही पाय सापतीत अडकता कामा नये, आणि धरणाऱ्या सगळ्यांनी एकाच क्षणी हात सोडला पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला तरी बारी गेली.

मी वरच्या बाजूला कठड्याशी उभी होते. तिथून बैल समोरून येताना दिसतात. निवेदकाने गाड्याचं नाव पुकारलं, गावाचं नाव पुकारलं. घोडी उसळली. हात सुटले. “झाली, झाली, भिर्रर्र...”

चार बैल पळताना आवाज आधी पायांखालच्या जमिनीतून येतो. मग धूळ येते. मग त्या धुळीतून शिंगं. हरण्याची मान मी ओळखली. तो मान खाली घालून पळतो, जोडीदारापेक्षा वीतभर पुढे तोंड काढून. घाटाच्या मध्यावर, जिथे चढ जरा उभा होतो, तिथे डावा पाय टेकताना त्याचं खांद्याचं वशिंड एका बाजूला झुकलं. एवढंसंच. हजारो माणसांत ते कुणाला दिसलं नसेल. पुढच्या टापेला त्याने ते सावरलं, उलट जोर लावला, आणि चौघं निशाणापार गेले.

घड्याळाचा आकडा पुकारला तेव्हा आमच्या पोरांनी भंडारा उधळला. बारी पहिल्या नंबरात बसली होती. भाऊजींनी फेटा वर फेकला. हे रडत होते. मी गर्दीतून वाट काढत वरच्या मोकळ्या रानात गेले, जिथे पळून आलेले बैल थांबवतात. हरण्याच्या नाकपुड्या फुललेल्या, बरगड्या भात्यासारख्या चाललेल्या, तोंडाला फेस. मी त्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. गरम होता.

दुपारी साडेतीन

पळून आलेल्या बैलाला लगेच उभं करायचं नसतं, लगेच पाणीही पाजायचं नसतं. कासरा धरून हळूहळू चालवायचं, श्वास बसला की झूल टाकायची, मग घोट घोट कोमट पाणी. आम्ही त्याला चालवत होतो तेवढ्यात माणसं जमायला लागली. पहिल्या नंबरात आलेला बैल पाहायला माणसं जमतातच.

एक व्यापारी यांच्याजवळ आला. त्याने बैलाचे दात पाहिले, पायांकडे पाहिलं नाही. म्हणाला, “आज किंमत आहे, उद्या नाही. द्या मला. अजून दोन हंगाम खेचेल.” त्याने जो आकडा सांगितला त्यात पाखऱ्यासारखे दोन खोंड आले असते. पाखऱ्या आमचा नवा खोंड, अजून दोन दाती.

आणि मग आमचीच माणसं बोलायला लागली. भाऊजी म्हणाले, “दादा, इतका पळाला. चैत्रातल्या जत्रा तरी होऊ द्या.” पाहुणे म्हणाले, “धुरेला त्याच्यासारखा बैल आता कुठून आणायचा?” त्यांचंही खोटं नव्हतं. अलीकडे घाटाची बक्षिसं फार मोठी झाली आहेत. २०२२ साली चिखलीच्या घाटात पहिल्या बक्षिसाला जेसीबी होता. दुचाकी तर आता गावोगावच्या जत्रेत असते. एवढं समोर असताना पहिल्या नंबरात आलेला बैल थांबवायचा म्हणजे घरात आलेली लक्ष्मी दारातून परत पाठवण्यासारखं वाटतं माणसांना.

मी एवढंच म्हटलं, “घाटाच्या मध्यावर त्याचा डावा खांदा पडला. मी पाहिलं. पुढच्या वेळी तो तिथं पडेल, आणि मागून गाडा येईल.”

हे बराच वेळ गप्प राहिले. मग व्यापाऱ्याला म्हणाले, “पाहुणं, बैल विकायचा नाही.” आणि पाहुण्यांना म्हणाले, “चैत्रापासून पाखऱ्या सरावाला घ्या. हरण्या आजपासून घरी.” खंडोबाच्या डोंगराकडे हात जोडून बोलले, म्हणून त्यावर कुणी काही बोललं नाही. थापलिंगला दिलेला शब्द आमच्याकडे फिरवत नाहीत.

संध्याकाळी सहा

परतताना पिकअपच्या मागच्या फळीशी मी बसले होते. जुन्नर तालुक्यातच आळे गावी एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा परतीच्या वाटेवर तिथे गेला, अशी श्रद्धा आहे. तिथे चैत्रात यात्रा भरते. एका जनावराची समाधी बांधून शतकानुशतकं तिला हात जोडणारा हा तालुका आहे. आणि याच तालुक्यात थकलेले बैल रस्त्याच्या कडेला बेवारस सोडलेलेही मी पाहिले आहेत.

त्याची कारणं माणसाच्या दुष्टपणात शोधू नयेत. पूर्वी म्हातारा बैलही शेतावर काही ना काही करायचा, मोट गेली तरी कुळव होता, गाडी होती. आता ट्रॅक्टर आला. २०१५ साली लागू झालेल्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीला बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. बैल वीस वर्षं जगतो. अकराव्या वर्षी घाट सुटला तर पुढची आठ-नऊ वर्षं त्याला बसून खायला घालायचं आहे. कडबा महाग झाला आहे, पेंड महाग झाली आहे. ज्याच्याकडे दोन एकर आणि उधारीवरची टोमॅटोची लागवड आहे, त्याच्या पोटात या विचाराने गोळा येतो. हे समजून घेतल्याशिवाय बैलावरच्या प्रेमाच्या गप्पा मारू नयेत.

रात्री आठ

घरी आल्यावर सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. गरम पाण्याने हरण्याचे पाय शेकले, हळद आणि तेल कोमट करून डाव्या गुडघ्याला चोळलं. पुतण्याने विचारलं, “काकी, आता याचा खुराक बंद?”

बंद नाही, पण कमी करावा लागतो, तोही हळूहळू. पळणाऱ्या बैलाचा खुराक थांबलेल्या बैलाला दिला की अंगावर चरबी चढते आणि ते वजन दुखऱ्या गुडघ्यांवर येतं. अंडी, कणकेचे गोळे आधी थांबवायचे. हुलगा निम्म्यावर आणायचा. कडबा आणि हिरवा चारा मात्र पोटभर. एकदम बांधूनही ठेवायचा नाही. रोज सकाळी नदीपर्यंत चालवायचा, उन्हाळ्यात पाण्यात सोडायचा, म्हणजे सांधे मोकळे राहतात. आणि थोडं काम द्यायचं. हलका कुळव, शेणखताची गाडी, तेवढंच. वर्षानुवर्षं कामाची सवय लागलेलं जनावर रिकामं बांधलं की खुंट्याशी डुलायला लागतं, खाणं टाकतं. मी ते पाहिलेलं आहे.

सगळ्यांत मोठं काम त्याला पाखऱ्यासोबत करायचं आहे. नव्या खोंडाला जू म्हणजे काय हे माणूस फारसं शिकवू शकत नाही. जुन्या बैलाच्या शेजारी जुंपला की तो त्याच्या पावलाला पाऊल लावून शिकतो, कुठे जोर लावायचा, कुठे मान सैल सोडायची, हाक ऐकून कसं वळायचं. पळणं रक्तात असतं, शिस्त शेजारच्याकडून येते. दोन महिने हे दोघं एका जुवाखाली नांगरलेल्या रानात चालतील.

रात्री साडेनऊ

जेवणं झाली. आमच्या घरी हिशेबाची वही माझ्याकडे असते. आज आलेलं बक्षीस पाहुण्यांत वाटून आमच्या वाट्याला जे आलं ते लिहिलं. मग हे आणि मी बसून ठरवलं : या रकमेतला अर्धा भाग पाखऱ्याच्या खुराकाला, अर्धा हरण्याच्या नावाने बाजूला. त्यातून दोन वर्षांचा कडबा निघेल. तिसऱ्या वर्षासाठी बांधाकडच्या दोन गुंठ्यांवर गिन्नी गवत लावायचं. पाखऱ्याने पुढे जे मिळवलं त्यातला वाटा आधी म्हाताऱ्याला, मग घराला, हेही वहीत लिहून ठेवलं, कारण तोंडी ठरलेलं हंगामात विसरायला होतं.

हे एका घराचं झालं. पण घाट तर सगळ्यांचा आहे. जत्रा कमिट्या लाखांची बक्षिसं लावतात, मंडप घालतात, स्क्रीन लावतात, बक्षिसाला गाड्या ठेवतात. त्याच रकमेतला ठरलेला हिस्सा घाटातून थांबलेल्या बैलांच्या चाऱ्यासाठी का ठेवू नये? ज्या मालकाकडे पळून थकलेला बैल दावणीला आहे आणि तो त्याला नीट सांभाळतो आहे, त्याला दरवर्षी पेंडीची पोती घाटावर बोलावून सन्मानाने द्यावीत. डॉक्टर बारीआधी तपासतात, तसं हंगाम संपल्यावरही एकदा तपासावं आणि जो बैल थांबवला पाहिजे त्याच्या दाखल्यावर तसं लिहावं. शर्यती परत याव्यात म्हणून आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, मुंबई-दिल्लीच्या कोर्टात खेटे घातले. तेव्हा आम्ही सांगत होतो की आम्ही बैलाला पोटच्या पोरासारखं जपतो. शेवटी न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली. आता तो शब्द पाळायची पाळी आमची आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे घाटात दिसणार नाही. बैल थांबल्यानंतरच्या आठ-नऊ वर्षांत दिसेल.

उद्या पहाटे साडेचारला मी पुन्हा गोठ्यात असेन. आधी पाखऱ्याचा खुराक, मग हरण्याला नदीपर्यंत चालवणं, मग टोमॅटोच्या खोक्यांसाठी नारायणगावला जाणाऱ्या टेम्पोची वेळ. या महिन्याच्या ग्रामसभेत जत्रा कमिटीचा विषय आहे. तिथे बायका मागे बसतात. यंदा मी पुढे बसणार आहे आणि थांबलेल्या बैलांच्या चाऱ्याचा ठराव मांडणार आहे.